इथून चालत या

ललिताने काउंटरवरचा पुठ्ठ्याचा मुखवटा उचलला आणि झटकन पालथा घातला.

“हा नको. नुसतं पॉपकॉर्न द्या.”

“मॅडम, कॉम्बोवर फ्री आहे,” काउंटरमागची मुलगी म्हणाली.

“फुकट आहे म्हणून काय तोंडावर बांधून फिरू?”

मुलीने खांदे उडवले आणि मुखवटा परत गठ्ठ्यात सरकवला. ललिताने मागे वळून पाहिलं. तिचा बाप, बुधा, लांब, सरकत्या जिन्यापाशी उभा राहून त्या पायऱ्या जमिनीत गडप कशा होतात ते बघत होता. जिन्यावर पाय ठेवायला त्याने साफ नकार दिला होता आणि उजवा गुडघा धरत तीन मजले साध्या जिन्याने चढून आला होता. मुखवटा त्याने पाहिला नव्हता. थिएटरच्या दारापाशी सिनेमातल्या राक्षसाचा माणसाएवढा कटआउट उभा होता, तोही त्याला दिसू नये म्हणून ललिता अंगाने आडोसा करत त्याला आत घेऊन गेली.

हा सिनेमा तिने आधीच पाहिला होता. शुक्रवारी ती तृप्तीला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, घेऊन आली होती. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतल्या झाडून सगळ्या आया आपापली पोरं घेऊन जात होत्या. सहकुटुंब पाहण्यासारखा, मराठीत बोलणारा, वर आपल्याच डोंगरातली गोष्ट सांगणारा कार्टून सिनेमा! मग केंद्रात क्लार्क असलेल्या ललितानेच मागे का राहावं? मध्यंतराच्या जरा आधी जंगलातला राक्षस पडद्यावर आला आणि ललिताचा समोसा हातातच राहिला. तो राक्षस म्हणजे त्यांच्या घरचा येताळ होता.

पेठ तालुक्यातल्या त्यांच्या गावात होळी झाली की बोहाडा होतो. देवांची आणि दैत्यांची सोंगं, म्हणजे मुखवटे, सांबळाच्या तालावर नाचवतात, आणि प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. येताळाचा मान बुधाच्या घराण्याकडे. एरवी ते सोंग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर असतं. नाचवणाऱ्याने त्या दिवशी उपास धरायचा. सोंग भुईवर ठेवायचं नाही. ते दारात आलं की म्हातारीकोतारीही वहाणा काढून उभी राहतात.

एक वेळ तिने मनाची समजूत घातली असती, की येताळ काय एकाच गावात नाचतो? पण राक्षसाच्या डाव्या गालावर ठिगळ होतं. ते ठिगळ ललिताच्या आईने, भागीबाईने, लावलं होतं. उंदराने सोंगाचा गाल कुरतडला तेव्हा तिने आपल्या लुगड्याचा तुकडा भाताच्या खळीने चिकटवला आणि वरून रंग दिला. रंग पुरला नाही, म्हणून तेवढा भाग काळपट लाल राहिला. भागीबाईला जाऊन सहा वर्षं झाली होती. सिनेमावाल्यांनी त्या ठिगळाचा जखमेचा वण केला होता, काळपट रंगासकट.

आणि ते चालणं. बुधा फार वर्षांपूर्वी आंब्यावरून पडला, तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा नीट वाकत नाही. येताळ नाचवताना तो लंगडतोच. गावात त्याला कधी कोणी हसलं नाही. सिनेमातला राक्षस तस्साच लंगडत येतो, लंगडत पोरांच्या मागे धावतो आणि धपकन शेणात पडतो. तीनदा पडतो. तिन्ही वेळा अख्खं थिएटर खिदळतं. त्या दिवशी घरी आल्यावर तृप्ती उजवा पाय ओढत हॉलभर फिरायला लागली आणि ललिताने तिच्या थोबाडीत मारली. पोरगी गालावर हात ठेवून बघत राहिली. मारलं कशासाठी हे तिला कळलं नाही आणि ललितानेही सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मुंबईची चार-पाच माणसं गावात आली होती. बुधाच्या ओट्यावर राहिली, नागलीची भाकर खाऊन वाहवा करून गेली. मुलांना आपली संस्कृती दाखवायची आहे म्हणाली. पाहुण्यांचा शब्द कसा मोडायचा म्हणून बुधाने बोहाडा नसताना उपास धरून सोंग खाली काढून नाचवून दाखवलं होतं. गावातली जाणती माणसं त्याच्यावर रागावली, ते त्याने ऐकून घेतलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक पुष्कळ असतात. हे तर वासेच उपसून घेऊन गेले होते.

ललिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. शनिवारी तिने राकेशला फोन लावला. राकेश तिचा वसतिगृहाच्या काळातला मित्र. आता तो मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवतो.

“तू बोलून काय होणार?” तो म्हणाला. “तू नोकरीवाली बाई. बाबांनाच आण. मी बाहेर माइक घेऊन उभा राहतो. आणि हे बघ, आधी काही सांगू नकोस त्यांना. पहिल्यांदा बघितल्यावर माणूस जे बोलतो ना, ते खरं.”

ते तिला पटलं. म्हणून तिने बापाला नुसतं एवढंच सांगितलं, ये, तुला सिनेमा दाखवते. बुधा पहाटेच्या एसटीने आला. येताना नातीसाठी नागलीचे पापड घेऊन आला, आणि धुतलेला पांढरा शर्ट घालून आला.

सिनेमा सुरू झाला. बुधाला तो आवडला. पडद्यावरची खार टुणकन उडाली की तो हसे, आणि एकदा ललिताच्या कोपराला हात लावून म्हणालाही, “बघ, डोंगर कसा बरोबर काढलाय.”

ललिता “हं” म्हणाली. राक्षस येण्याची खूण तिला ठाऊक होती. आधी झाडं स्तब्ध होतात, मग सांबळ वाजतो. झाडं स्तब्ध झाली तशी ती बापाकडे वळून बसली.

सांबळ वाजला. बुधाची मान ताठ झाली. पायांनीच चाचपून त्याने चपला काढल्या, समोरच्या खुर्चीला धरून उभा राहिला आणि हात जोडले.

“ओ काका, खाली बसा!” मागून आवाज आला.

बुधाला ऐकू गेलं नाही.

“अहो, पोरांना दिसत नाहीये. कुठून येतात ही माणसं!”

“कुठून येतात म्हणजे?” ललिता गर्रकन वळली. “तिकीट काढून येतात. तुमच्यासारखीच.”

“मग तिकीट बसायचं काढलंय ना?”

“दोन मिनिटं थांबलात तर तुमची पोरं काय उपाशी मरणार आहेत?”

आजूबाजूची माणसं श्श् श्श् करायला लागली. तेवढ्यात राक्षस पहिल्यांदा शेणात पडला आणि सगळी मिळून हसली. मागचा तो माणूसही हसला. त्याच्या मांडीवरच्या पोराने टाळ्या पिटल्या. बुधाचे जोडलेले हात तसेच राहिले. मग तो सावकाश खाली बसला.

ललिता त्याच्या चेहऱ्यावर राग शोधत होती. तो दिसला असता तर तिला बरं वाटलं असतं, सोबत मिळाल्यासारखं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मध्यंतरात तो जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा राक्षस पडला तेव्हाही तो डोळे न मिटता बघत होता, गावच्या बैठकीत कोणी आपल्याविरुद्ध बोलत असताना बघावं तसा.

दिवे लागले. माणसं उठली, आणि जिकडेतिकडे तो मुखवटा दिसायला लागला. पोरांनी तो तोंडावर बांधला होता, कंटाळा आल्यावर काढून टाकला होता. खुर्च्यांखाली, पायऱ्यांवर, सांडलेल्या पॉपकॉर्नमध्ये येताळ पडले होते. कोणी त्यांच्यावर पाय देऊन जात होतं. आता मात्र ललिताला काही लपवायचं राहिलं नव्हतं.

बुधा वाकला. त्याने एक उचलला, शर्टाच्या बाहीने पुसला. मग दुसरा उचलला. गुडघा वाकत नव्हता म्हणून तो खुर्चीच्या हाताला धरून एका अंगाने झुकत होता. साफसफाई करणारी बाई झाडू घेऊन आत आली.

“राहू द्या बाबा, मी घेते झाडून.”

“झाडू नको लावू, बाय,” बुधा म्हणाला. “मी उचलतो.”

अकरा मुखवटे त्याने एकावर एक ठेवले आणि छातीशी धरले. ललिताला रडूही येत होतं आणि कोणाचं तरी थोबाड फोडावंसंही वाटत होतं. तिने त्याच्या चपला त्याच्या पायांपुढे सरकवल्या.

बाहेर राकेश कामाला लागला होता. एक बाई त्याच्या माइकमध्ये बोलत होती. “खूपच छान! व्हॅल्यूज आहेत, कॉमेडी आहे. पूर्ण फॅमिलीनं बघावा. आणि तो लंगडा राक्षस तर कमालच!”

“काय कमाल आहे त्यात?” ललिता मध्येच घुसली. “माणूस लंगडतो, त्यात हसायचं काय?”

“अहो, कार्टून आहे ते. एवढं काय मनावर घेता?”

“कार्टून तुमचं असेल. तोंड आमच्या घरचं आहे. त्या गालाचं ठिगळ माझ्या आईनं लावलंय. विचारलं होतं का कोणी?”

बाईने राकेशकडे पाहिलं, ही कोण, अशा नजरेने. मग मुलाचा हात धरून ती निघून गेली. राकेशचे डोळे चमकले होते.

“हेच पाहिजे,” तो हळूच म्हणाला. “पण तू नको. बाबांना येऊ दे पुढे.” त्याने माइक बुधासमोर धरला. “बाबा, कसा वाटला सिनेमा? मनात असेल ते बोला, घाबरू नका.”

छातीशी धरलेले मुखवटे बुधाने नीट केले.

“येताळ लंगडत नाय,” तो म्हणाला. “लंगडतो मी. ते त्यांना कोणी सांगितलं नाय.”

“अजून, बाबा.”

“अजून काय? मीच सांगाया पायजे व्हतं. माझी चूक हाय.”

“तुझी कसली चूक?” ललिता ओरडली. “चोर ते, आणि चूक तुझी?”

राकेशने तिला हाताने थांबवलं. त्याला काहीतरी सुचलं होतं. त्याने मोबाइल आडवा केला आणि दारापाशी असलेल्या कटआउटकडे बोट दाखवलं.

“बाबा, एक करा. त्या राक्षसापासून निघा आणि इथून चालत या, माझ्यापर्यंत. बोलायचं काही नाही, नुसतं चाला. तुमचंच चालणं उचललंय हे लोकांना दिसू दे. एका मिनिटात सगळ्या महाराष्ट्राला कळेल.”

बुधाने कटआउटकडे पाहिलं. तो त्याला आता पहिल्यांदा दिसत होता. मग त्याने ललिताकडे पाहिलं.

“तुला ठावं व्हतं,” तो म्हणाला.

“काय?”

“सांबळ वाजला तवा समदी तिकडं बघत व्हती. तू माझ्याकडं बघत व्हतीस.”

ललिता कटआउटकडे बघायला लागली. आजूबाजूला माणसं जमू लागली होती. राकेशने मोबाइल खाली घेतला नव्हता.

“ललिता, सांग ना त्यांना,” तो म्हणाला. “पुढचा शो सुटायच्या आत उरकू.”

हे आपल्यासाठी नाही, बासाठीच आहे, आईसाठी आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

“चाल ना बा,” ती म्हणाली. “एकदाच. लोकांना कळू दे.”

बुधाने मान डोलावली. अकरा मुखवटे त्याने तिच्या हातात दिले.

“कुठून?” त्याने राकेशला विचारलं.

राकेशने जागा दाखवली. बुधा कटआउटशेजारी जाऊन उभा राहिला. दोघांची उंची जवळजवळ सारखी होती. राकेशने हात खाली केला आणि बुधा निघाला. उजवा पाय न वाकवता पुढे, मग खांदा कलता करून डावा. गर्दीतून कोणीतरी “अरे, सेम!” म्हणालं. चार-पाच मोबाइल वर झाले. गुलाबी फ्रॉकमधली एक मुलगी त्याच्या मागोमाग तसाच पाय ओढत चालायला लागली आणि माणसं हसली. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. ती सगळी खूश होती.

बुधा राकेशपर्यंत आला आणि थांबला नाही. त्याच्या बाजूने पुढे गेला, पॉपकॉर्नच्या काउंटरसमोरून गेला, साध्या जिन्याच्या दाराकडे वळला.

“बाबा, बस! झालं!” राकेश म्हणाला. “ललिता, थांबव त्यांना, फ्रेमच्या बाहेर गेले.”

“बा!” ललिताने हाक मारली.

जिन्याचं दार ढकलून तो उतरायला लागला. कठड्याला धरून, एकेक पायरी. त्याने मागे पाहिलं नाही. गुलाबी फ्रॉकवाल्या मुलीची आई हसत हसत ललिताजवळ आली. ललिताच्या हातातले मुखवटे पाहून तिला वाटलं, ही इथलीच कोणीतरी.

“कसलं भारी चालतात हो!” ती म्हणाली. “कंपनीनं आणलंय का त्यांना, प्रमोशनला?”

“नाही,” ललिता म्हणाली. “मी आणलंय.”