उसनी हनुवटी

मी लेन्स बोलतेय, डार्करूममधल्या एन्लार्जरची. आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको. चाळिशी उलटेपर्यंत मला वाटायचं, माणसाला मोठं करते ती मीच! नखाएवढा चेहरा द्या, भिंतीवर लावण्याएवढा करून देते. मोठा होता होता तो विरतो, नुसते ठिपके उरतात, हे दिसायचं मला. पण स्वतःचं कौतुक कुणाला नको असतं?

माझ्याकडे यायचे ते बहुतेक गेलेलेच. जिवंतपणी फोटोला सवड नसते, आणि गेल्यावर घरचे धावत येतात.

अशीच एक आई आली, लेकीला घेऊन. मुलगा कारखान्यात भाजून गेला होता. त्याचा एकच फोटो, कामगारांच्या ग्रुपमधला. हा मागच्या रांगेत, आणि पुढच्याच्या टोपीनं नाकाखालचं सगळं झाकलेलं.

"तेवढं तोंड पुरं करून द्या," आई म्हणाली.

स्टुडिओच्या मालकांनी लेकीकडे निरखून पाहिलं. "हनुवटी भावाच्याच वळणाची दिसतेय. बसता का, ताई?"

ताई कॅमेऱ्यासमोर बसली.

"हस की जरा, दादा हसायचा तशी," आई म्हणाली.

"घरातलं सगळं मीच करते. आता त्याच्या वाटचं हसूही मीच?"

पण हसली.

मी दोघांना एका मापाचं केलं. वरचा अर्धा चेहरा त्याचा, खालचा हिचा. मालकांनी ब्लेडनं कापून जोडले, ब्रशनं सांधा मिटवला, पुन्हा कॉपी काढली. आईनं ती छातीशी धरली. "हाच माझा लेक!"

लेकीकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. ताई टेबलावर कापून उरलेले स्वतःचे डोळे बघत उभी होती.

आता ही कामं कंप्युटर करतो. मी खिडकीत कागदांवर वजन म्हणून बसलेय, भिंगात बुरशी धरलीय. माझं एवढंच ऐका, फोटोत मागे उभे राहू नका. राहिलातच, तर पुढच्याला टोपी काढायला लावा.

परवा ताई आली. केस पिकलेले, हातात तोच फोटो, डागाळलेला.

"नवा करून द्या. हसतानाचा माझा एवढाच आहे."

"आई कशा आहेत?" मालकांनी विचारलं.

"गेली. शेवटी मला ओळखतच नव्हती. दिवसभर या फोटोशी बोलायची. एकदा न राहवून म्हटलं, आई, ती हनुवटी माझी आहे गं."

"मग?"

"म्हणाली, असू दे. त्याला शोभते."