खंदकाला दिलेला निरोप

लढाईला चाळीस वर्षं झाली म्हणून टेकडीवर सोहळा होता, आणि लाउडस्पीकरचं काम बिनतारीकडे होतं. पलटणीत तो वायरलेसवर असायचा, तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. काम काही आपोआप आलं नव्हतं. आयोजकांकडे खेटे घालघालून त्याने ते मिळवलं होतं, कारण पाहुणे म्हणून त्याचे जुने साहेब येणार होते.

खंदकात आता गुडघाभर गवत होतं. त्याच्या काठाशी खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत इथे मेलेल्या नऊ जणांच्या घरची माणसं बसली होती. त्यांतच बिनतारीची बायको. तिचा धाकटा भाऊ त्या नवांतला एक.

साहेब उठले. केस पांढरे झाले होते, आवाज मात्र तोच.

“शत्रू दोन्ही बाजूंनी चढत होता. टेकडीवरून सगळ्यांत शेवटी मी उतरलो.”

टाळ्या पडल्या. बायकोने डोळ्याला पदर लावला. ते पाहून बिनतारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने साहेबांचा माइक बंद केला आणि आपला उचलला.

“साहेब, ओळखलंत का? मी तुमचा वायरलेसवाला.”

साहेबांनी बंद माइकवर टिचकी मारून पाहिली.

“त्या दिवशी सकाळी साडेसहाला तुम्ही मला खंदकाला निरोप द्यायला लावलात. मदत निघाली आहे, कुणी हलू नका. तेव्हा खाली तुमची जीप सुरू होती, ट्रंकसुद्धा चढली होती. मदत कुठून निघाली होती, ते सांगा या लोकांना.”

आयोजक धावत आले, पण सगळ्या तारा बिनतारीच्या पायाखाली होत्या.

“युद्धात निर्णय घ्यावे लागतात,” साहेब पुटपुटले.

“निर्णय राहू द्या. नवांपैकी एकाचं नाव सांगा. एकाचंच.”

साहेबांनी हातातला कागद उलटापालटा केला. बिनतारी मुद्दाम थांबला. साहेबांच्या मानेवरचा घाम कॉलरीत उतरताना बघून त्याला जेवढं बरं वाटलं, तेवढं गेल्या चाळीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

बायको उठली. टेबलावरचं पुष्पचक्र तिने साहेबांसमोरून उचललं.

“याला हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

बाकीच्या बायकाही उठून उभ्या राहिल्या. कुणी वाट दिली नाही. साहेबांना खुर्च्यांना वळसा घालून, गवतात ठेचकाळत गाडी गाठावी लागली.

बिनतारी तारा गुंडाळायला लागला, तशी बायको जवळ आली.

“निरोप साहेबाचा. आवाज कुणाचा होता?”

तो तारा गुंडाळत राहिला.

“तुमचा. म्हणून तो थांबला. साहेबाचं ऐकून माझा भाऊ थांबला नसता.”

“हुकूम होता गं. तोंड उघडलंस तर कोर्टमार्शल, असं बजावलं होतं मला.”

“आणि घरात, माझ्यासमोर? घरात कोण साहेब बसला होता?”

ती बाकीच्या बायकांबरोबर बसमधून गेली. बिनतारीने सगळे स्पीकर एकट्याने टेम्पोत चढवले. घरी पोहोचला तेव्हा दाराला आतून कडी होती. त्याने तीनदा हाक मारली. आत भांड्यांचा आवाज येत होता; हाक मारली की थांबायचा, आणि परत सुरू व्हायचा.