तोंड मिटून टाकायचं जाळं

वजनमाप खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून साहेब निवृत्त झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते तीन मिनिटं मागे आहे, हे साहेबांनी आभाराच्या भाषणातच सभेच्या निदर्शनास आणून दिलं. सभा लवकर आटोपली.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांच्या अखत्यारीतला अख्खा जिल्हा गेला आणि तीन खोल्या उरल्या. पण कर्तव्यदक्ष माणूस क्षेत्रफळाकडे बघत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या पाच वाट्या एकमेकींशी जुळत नसल्याचं सिद्ध केलं. दुसऱ्या आठवड्यात दूधवाल्याचं माप तपासलं. ते बरोबर निघालं, त्यामुळे साहेबांचा तो दिवस वाईट गेला. तिसऱ्या आठवड्यात ते ओट्याजवळच खुर्ची टाकून बसायला लागले.

"हे मीठ कुठल्या प्रमाणात टाकतेस?"

"अंदाजाने," बायको म्हणाली. तिला सगळी वसाहत वहिनी म्हणत असे, आपणही तेच म्हणू.

साहेबांनी डोळे मिटून घेतले. हा शब्द तोंडातून काढला म्हणून त्यांनी भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडला होता. इथे घाम फुटायचं नाव नव्हतं. उलट वहिनींनी आणखी एक चिमूट टाकली.

तीन महिने असे गेले. मग एका रविवारी, भांडण नाही, रडणं नाही, कपड्यांच्या घड्या घालता घालता वहिनी म्हणाल्या, "अहो, पुढच्या रविवारी मी ताईकडे जातेय. दहाच्या बसने."

"किती दिवसांसाठी?"

"ते काही ठरवलेलं नाही."

साहेबांनी जन्मात इतकं भयंकर वाक्य ऐकलं नव्हतं. ताई म्हणजे वहिनींची थोरली बहीण. मोठं घर, एकटी बाई, आणि बहिणीला कायमची ठेवून घ्यायला एका पायावर तयार.

"माझं काही चुकलं का?" साहेबांनी विचारलं. खरं म्हणजे त्यांना यादी अपेक्षित होती, शक्य तर क्रमांक घालून.

"मला सकाळी आठ ते बारा घरात तुमचा आवाज नकोय," वहिनी म्हणाल्या. "तेवढं जमतंय का बघा. नाहीतर मी आणि ताई, आमचं चांगलं चालेल."

सहा दिवसांत आठ ते बारा घराबाहेर काढण्यासारखं काय करावं, याचा साहेबांनी पद्धतशीर विचार केला. वाचनालयात बोलायला मनाई होती, ते बाद. बागेत निवृत्तांचा एक कट्टा होता, पण तिथे बोलायला नंबर लागत नाही अशी ख्याती होती. राहता राहिली वसाहतीमागची खाडी. तिथे पायऱ्यांवर उभे राहून लोक फेकजाळी टाकत आणि कोळंबी काढत. वहिनींना कोळंबी प्राणप्रिय होती. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या समाधानात साहेब उठले, खिशात मोजपट्टी घातली आणि जाळं घ्यायला निघाले.

जाळी विणणाऱ्या मावशीचं दुकान म्हणजे खाडीच्या वाटेवरची एक खोली. छताच्या आकड्यांना इतकी जाळी टांगलेली, की गिऱ्हाईक आत शिरताना आधी वाकायचं आणि मग दिसायचं. मावशी सत्तरीची. हातात विणायची सुई, नाकावर चष्मा, आणि चष्म्यावरून बघायची सवय.

"आठ फुटी जाळं दाखवा. कोळंबीचं," साहेब म्हणाले.

मावशीने एक खाली काढलं. बारीक डोळ्यांचं, करंगळीचं टोकही जाणार नाही असं. तळाच्या कडेला गोल शिशाचे मणी, वर शेंडी, शेंडीला लांब दोरी. साहेबांनी ते उचललं, थेट रस्त्यावर नेऊन पसरलं आणि मोजपट्टी लावली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सोळा फूट भरले. त्यांनी परत मोजलं. सोळाच.

चौतीस वर्षांत त्यांनी कमी माप देणारे पाहिले होते, खालून चिंच चिकटवलेले तराजू पाहिले होते, पोकळ वजनं पाहिली होती. दुप्पट माल देणारा गुन्हेगार पहिल्यांदाच समोर उभा होता, आणि त्याच्यासाठी कायद्यात कलमच नव्हतं.

"मावशी, हे आठ नाही. सोळा आहे."

"आठच आहे."

"मग पट्टी खोटं बोलते?"

"पट्टी कशाला खोटं बोलेल? तुम्ही कुठून कुठे लावलीत ते बघा. जाळं शेंडीपासून कडेपर्यंत मोजतात."

"ही मापनाची मान्य पद्धत नव्हे."

"माशांनी अजून तक्रार केली नाही."

"मला कडेपासून कडेपर्यंत आठ भरेल असंच द्या," साहेबांनी निक्षून सांगितलं.

मावशीने आतून एक इवलंसं जाळं आणून काउंटरवर ठेवलं. "हे घ्या. नातवाच्या पाळण्यावर घालायला केलं होतं, डास बसू नयेत म्हणून. नातू आता मिशा ठेवतो."

साहेबांनी आठ फुटी घेतलं. म्हणजे सोळा फुटी. मनातल्या मनात त्यांनी 'निषेध नोंदवून' असा शेरा मारला. मग त्यांनी शिशाचे मणी एकेक करून तळहातावर तोलले.

"हे सगळे सारख्या वजनाचे नाहीत."

"पाण्याला सांगू नका म्हणजे झालं," मावशी म्हणाली. मग चष्म्यावरून जरा वेळ त्यांच्याकडे बघून तिने विचारलं, "याआधी कधी टाकलंय?"

"नाही. पण तत्त्व समजलंय."

"उद्या सकाळी आठला पायऱ्यांवर या," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात करमणुकीची आशा होती.

सोमवारी साहेब पूर्ण बाह्यांचा, सहा बटणांचा शर्ट घालून आले. मावशीने त्यांना डाव्या मनगटात दोरीचा फास अडकवायला लावला, दोरीची वेटोळी त्याच हातात घ्यायला लावली, मग जाळं गोळा करून थोडा भाग डाव्या कोपरावर टाकला, थोडा उजव्या हातात दिला. "आता ही कड राहिली ना, ती दातात धरायची. कमरेतून वळायचं, फेकायचं, आणि अगदी शेवटी दात सोडायचे. शेवटी. आधी नाही."

"दातात? हे स्वच्छतेच्या दृष्टीने..."

"हात दोन आहेत. तिसरा असला तर दाखवा."

साहेबांनी कड दातात धरली, कमरेतून वळले आणि फेकलं. जाळं गेलं. शर्टाच्या तिसऱ्या बटणात जाळ्याचा एक डोळा अडकलेला होता, त्यामुळे जाळ्यापाठोपाठ साहेबही गेले. पाणी कंबरेएवढंच होतं, पण अब्रूसाठी ते पुरेसं खोल निघालं. खाडीवरच्या लोकांनी कौतुकाने जागा करून दिली.

मंगळवारी ते बिनबटणांचा सदरा घालून आले. पण जाळं उघडेचना. दरवेळी ओल्या चादरीसारखं गोळा होऊन थपकन पडायचं. मावशी प्रत्येक वेळी नुसती "केळं" म्हणायची, कारण पाण्यावर उमटणारा आकार तोच असायचा. मंगळवारी एकवीस केळी पडली. आकडा साहेबांचा, म्हणजे अचूकच.

बुधवारी मावशीने जाळ्याकडे बघायचं सोडून साहेबांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला रोग सापडला. साहेब फेकण्याआधी मोजत होते. मोठ्याने. कड दातात धरून वळायचे, आणि 'एक' म्हणायला तोंड उघडलं की कड सुटायची. 'दोन' आणि 'तीन' केळ्यावर खर्च व्हायचे.

"भाऊ, मोजता कशाला?"

"लय साधण्यासाठी."

"मनात मोजा."

साहेब गोंधळले. मनात मोजलेलं त्यांनी आयुष्यात ग्राह्य धरलं नव्हतं. चार माणसांसमोर, ऐकू जाईल असं मोजायचं आणि मग सही घ्यायची, ही पद्धत. तरी त्यांनी प्रयत्न केला. चार वेळा 'एक' निसटलंच, पाचव्यांदा शेजारच्या माणसाची बादली गळतेय हे सांगायला तोंड उघडलं. केळं. सहाव्यांदा भरतीची वेळ तक्त्यापेक्षा सात मिनिटं उशिरा असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. केळं.

"तुमचं जाळं चांगलं आहे, हात चांगला आहे, कमरही अजून वळते," मावशी म्हणाली. "तोंडाचं काय करायचं ते मात्र माझ्याकडे विणून मिळत नाही."

गुरुवार, शुक्रवार असेच गेले. घरी मात्र चित्र निराळं होतं. आठ ते बारा घर शांत. वहिनी रेडिओ लावत, खिडकीत बसून भाजी निवडत. साहेब बारा वाजता ओले होऊन यायचे आणि सव्वाबारापर्यंत राहिलेलं सगळं बोलून टाकायचे. शनिवारी संध्याकाळी वहिनींनी पलंगाखालची मोठी बॅग काढली. साहेबांनी बॅगेकडे बघितलं. तिच्यात चौदा दिवसांचे कपडे मावतात, हे त्यांना दिसत होतं. थंडीची शालही आत गेली. थंडीला अजून चार महिने होते.

"मी आठ ते बारा बाहेर असतो की," ते म्हणाले.

"असता खरे. पण कोळंबी काही दिसली नाही घरात. सकाळी न बोललेलं मात्र बारानंतर रोज माझ्याच कानावर पडतं."

रविवारी पहाटेच साहेब पायऱ्यांवर गेले. दहाची बस. त्याआधी निदान मूठभर तरी कोळंबी घरी न्यायची, एवढंच डोक्यात. ती नेऊन काय साध्य होणार याचा हिशेब त्यांना लागत नव्हता, आणि हिशेब न लागता त्यांनी केलेली ही पहिलीच गोष्ट होती. साडेनऊपर्यंत केळी पडत राहिली.

मग वहिनी स्वतःच आल्या. हातात बॅग, पायात बाहेरच्या चपला. साहेबांनी नुकतीच कड दातात धरली होती, कमरेतून अर्धे वळले होते.

"किल्ली द्यायला आले," वहिनी म्हणाल्या. "शेजारी कुणी नाही घरात."

साहेबांनी मान हलवली. मावशी पायरीवर बसली होती, ती गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, सोडू नका हं. मोठा घोळका आलाय कडेला. पाणी बघा कसं फुरफुरतंय. जरा थांबा, आणखी जवळ येऊ दे."

साहेब थांबले. वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. हा माणूस समोर उभा आहे, जागा आहे आणि बोलत नाही, असं दृश्य त्या पहिल्यांदाच बघत होत्या. संधी दवडण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. त्यांनी बॅग खाली ठेवली.

"आता ऐकाच. मीठ कमी पडलं तर वरून घ्यायचं असतं, नोंद करायची नसते. मी फोनवर बोलत असले की घड्याळाकडे बघत उभं राहायचं नसतं. पोरीच्या लग्नात जेवण कमी पडलं नाही, हे तुम्ही व्याह्यांना आकडेवारीने पटवून दिलंत. त्यांनी विचारलं तरी होतं का? आणि माझी आई गेली त्या दिवशी मी किती वेळ रडले ते तुम्ही मला रात्री सांगितलंत. चाळीस मिनिटं."

पस्तीस, साहेबांच्या घशाशी आलं. चाळीस नव्हे, पस्तीस. पाच मिनिटं तू पाणी प्यायला उठली होतीस. एक साधी दुरुस्ती. तोंड उघडायचा अवकाश.

तोंडात कड होती. शिशाचा गार मणी जिभेला लागत होता. जबडा दुखायला लागला. आणि तेवढ्या वेळात, दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळे, साहेबांना वहिनी नीट दिसल्या. त्या रडत नव्हत्या. पण पस्तीस मिनिटं पुरे पडली नसावीत, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

साहेबांनी दात आणखी घट्ट आवळले.

"मला वेळ सांगायला नको होता," वहिनी हळू म्हणाल्या. "शेजारी बसायला हवं होतं."

मावशीने पाण्याकडे बघत नुसतं बोट वर केलं. साहेब कमरेतून वळले. ना एक, ना दोन. जाळं हातातून गेलं, कोपरावरून गेलं, आणि अगदी शेवटी दातातून सुटलं. हवेत ते गोल उघडलं, पाण्यावर गोल पडलं आणि सगळे मणी एकदमच बुडाले, सारख्या वजनाचे नसूनही.

साहेबांनी दोरी ओढली. जाळं फडफडत वर आलं. पायरीवर झटकल्यावर कोळंबी उड्या मारायला लागली. वहिनी बॅग विसरून पुढे आल्या आणि पदर खोचून उकिडव्या बसल्या.

"बाई गं, केवढाल्या आहेत! किती असतील हो?"

खाडीवरच्या सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब वाकले, हात पाण्यात बुचकळून धुतले आणि वहिनींच्या शेजारी ओल्या पायरीवर बसले. बसताना त्यांच्या गुडघ्याचा आवाज झाला, तेवढाच.

मग वहिनींनी बॅगेतून जेवणाचा डबा काढला, आतल्या पोळ्या मावशीच्या हातावर ठेवल्या आणि कोळंबी डब्यात भरली. सगळी.

"ताईला सांगून ठेवलंय, जावं तर लागेल," त्या म्हणाल्या. "तिलाही आवडते कोळंबी." बॅग उचलून त्या दोन पायऱ्या चढल्या, थांबल्या आणि बॅगेतली शाल काढून साहेबांच्या मांडीवर टाकली. "ओझं होतंय हिचं उगाच. बुधवारी येते मी."

त्या गेल्या. साहेब उठले, शाल घडी करून कोरड्या पायरीवर ठेवली, मनगटात फास अडकवला आणि जाळं गोळा करायला लागले.

मावशी पोळी चावत म्हणाली, "एकही ठेवली नाही की हो तुम्हाला. बरं, बुधवारी किती वाजता येणार, ते तरी विचारलंत का?"

साहेबांच्या दातात कड होती.