ओळंब्याच्या हातचं वाकडं

तिने कागद प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या टेबलावर परत सरकवला. ‘रचना सदोष, प्रकल्प बंद’ असं त्यावर छापलेलं होतं आणि खाली तिच्या सहीची जागा.

“मी सही करणार नाही, सर.”

सर म्हणाले, तिच्या रचनेच्या तीन काचा करून झाल्या, तिन्हींचा आलेख सपाट, आता हट्ट पुरे. काचा बनवायच्या मशीनला यापुढे हात लावायचा नाही. तिचं डोकंच फिरलं. काचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो खांबांच्या जोड्या होत्या. प्रकाश टाकला की एका नेमक्या रंगावर आलेखात अरुंद, खोल खड्डा पडायला हवा, आणि मूत्रपिंड बिघडू लागल्याची खूण असलेलं लघवीच्या थेंबातलं प्रथिन खांबांना चिकटलं की तो खड्डा सरकायला हवा. तिच्या वडिलांची मूत्रपिंडं गुपचूप निकामी झाली होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आणि हे काम ती असं सोडून देणार? छे!

ती तडक सूक्ष्मदर्शकाकडे गेली. खांब पडद्यावर आले आणि तिने कपाळावर हात मारला. प्रत्येक जोडीतला एक खांब तिने मुद्दाम जरा बारीक आखला होता. इथे सगळे जुळे भाऊ!

काचांवर खांब काढणाऱ्या मशीनवरच्या काकांना सगळे ओळंबा म्हणत, गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखं त्यांचं काम सरळ म्हणून. ते अभिमानाने म्हणाले, तिच्या नकाशात जोडीतले खांब लहानमोठे होते, ती चूक त्यांनीच सुधारली. तीस वर्षांत त्यांच्या हातून वाकडं काही गेलं नव्हतं.

“काका, दोन्ही सारखे असले की प्रकाशाला आत शिरायला वाटच मिळत नाही. तेवढ्या फरकानेच दार किलकिलं होतं.”

काकांचा चेहरा उतरला. आपण सरांशी भांडून परवानगी आणू, असं ती सांगत राहिली. काकांनी तिच्या हातातला नकाशा घेतला, चष्मा पुसला आणि किती बारीक, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सरांना जवळजवळ हाताला धरूनच आणलं. नव्या काचेच्या आलेखात खड्डा पडला होता, तिने खूण केलेल्या जागीच. तिने थेंब टाकला. खड्डा सरकला.

सरांनी वाकून आलेख तपासला. मग त्यांचा आवाज चढला.

“मी नको म्हटल्यावर मशीन चालवलं कोणी?”

ती पुढे झाली. काकांनी तिला हातानेच थांबवलं.

“मीच, सर. जुनी काच पुन्हा काढायला बसलो होतो. डोळे अधू झालेत आता. वाकडं गेलं हातून.”