आठव्या दिवसाचं वजन

ताईंनी चिमट्यानं अळी उचलली, वजनकाट्याच्या बशीत ठेवली आणि आकडा बघून चिमटा ओट्यावर आपटला.

"बघा! म्हणे वाढच खुंटली!"

खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. होत्या त्या चाळीस वाट्या. प्रत्येकीत एकच अळी, कारण दोघी एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात. एकोणीस वर्षं ताई याच अळ्या पाळत होत्या.

त्यांना खायला घातलेल्या, पिकाच्या नव्या वाणाच्या पानात एक द्रव्य होतं. ते अळीच्या आतड्यातलं, प्रथिनं पचवणारं एन्झाइम जखडून टाकायचं. अळी दिवसभर चरायची, पण खाल्लेलं अंगी लागायचं नाही. चौथ्या दिवशी चाळीसच्या चाळीस मरतुकड्या झाल्या, तेव्हा सर म्हणाले होते, "बास ताई, आता वजनं नकोत. टाका फ्रीजरमध्ये."

ताईंनी टाकल्या नाहीत. ही जात त्यांना पुरती ठाऊक होती. एक एन्झाइम अडलं की अळी दुसरं काढते, झाडाचं द्रव्य त्याला शिवतही नाही. आज आठवा दिवस, आणि अळ्या टरारून फुगल्या होत्या.

अकराला समिती बसणार होती. वाढ खुंटल्याच्या अहवालावर, वजनं घेणारी म्हणून, ताईंची सही हवी होती. सही झाली की बियाणं बाजारात जाणार आणि ताईंचं कंत्राट तीन वर्षांनी वाढणार. काल सरांनी हे गोडगोड बोलून सांगितलं, तेव्हाच ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तरी एक मन म्हणत होतं, पोराला माहीत नसेल. आज सर झाला, पण याच खोलीत शिकायला आला तेव्हा मेल्याला चिमटा धरता येत नव्हता, अळ्या चिरडायचा. वजन पेननंच लिहायचं, हे त्यांनीच शिकवलं. इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ द्यायची, म्हणजे कुणी तो एक वाचत नाही, हेही. आजची वजनं दाखवली की तो स्वतःच अहवाल थांबवील.

वजनांची वही सरांच्या टेबलाच्या खणात होती. ताई ती घेऊन आल्या आणि त्यांनी चौथ्या दिवसाचं पान उलटलं.

पुढचं पान भरलेलं होतं. सहावा दिवस, रविवार. चाळीस वजनं, सगळी वाढलेली. प्रत्येक सातच्या पोटात रेघ. आणि सगळं पेन्सिलीत.

म्हणजे सुट्टीच्या दिवशी कुलूप उघडून तो येऊन गेला होता. काल गोड बोलताना त्याला सगळं माहीत होतं. खणात वहीला लागूनच खोडरबर पडलेलं त्यांनी पाहिलं होतं, ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं.

"लबाड कुठला!"

त्यांनी पेन काढलं आणि पहिल्या आकड्यापासून, पेन्सिलीच्या रेघेवरून, सावकाश गिरवायला सुरुवात केली.

दार उघडलं.

"ताई, सगळे आलेत. सही तेवढी..."

त्याची नजर वहीवर गेली आणि तो उंबऱ्यातच थिजला.

तो साहेब झाल्यापासून ताई त्याला अहोजाहो करत असत.

"थांब जरा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "तुझे दोनच आकडे राहिलेत."

"ताई, समिती खोळंबली आहे."

"खोळंबू दे." त्यांनी शेवटच्या सातला रेघ दिली, पान उलटलं आणि वर तारीख घातली. "चिमटा घे. तू वजन सांग, मी लिहिते."