मनगटावरचं विमान

महाडच्या बाजारपेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे, तेव्हा वस्तू कशी पारखावी हे मला कोणी शिकवू नये. कुकर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी चकाकी बघतं, मग किंमत विचारतं. झडपेचं नाव मलाच काढावं लागतं. माझा मुलगा मुकुलही त्याच पंथातला. जेवणाच्या टेबलावर त्याने दोन डाइव्ह कॉम्प्युटर मांडून ठेवले होते आणि पहिलं वाक्य काय, तर ह्याचा पडदा किती ठळक आहे बघ.

मुकुल खोल समुद्रात बुड्या मारतो. आठवडाभर एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरी आणि सुट्टी मिळाली की मालवण. रंगीत मासे बघून परत येणाऱ्यातला तो नाही. तो आणि त्याचा जोडीदार अश्वजित बुडालेल्या जहाजांपर्यंत जातात, पाठीवर, कुशीत वेगवेगळ्या वायूंची नळकांडी बांधून. ह्याला टेक्निकल डायव्हिंग म्हणतात. मी जिवावरचा खेळ म्हणते. एकुलता एक मुलगा असल्यावर दुसरं काय म्हणणार?

त्यांनी मला समजावलं ते माझ्याच दुकानाच्या भाषेत. खोल पाण्यात दाबामुळे श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण उघडलं तर जे होतं, ते घाईने वर येणाऱ्या माणसाच्या अंगात होतं. रक्तात बुडबुडे धरतात. सांधे दुखतात, आणि बुडबुडे पाठीच्या कण्यात अडकले तर माणूस कायमचा अधू होतो. म्हणून वर येताना टप्प्याटप्प्यावर थांबायचं. कुठे आणि किती, ते मनगटावरचं यंत्र, म्हणजे हा डाइव्ह कॉम्प्युटर सांगतो.

गेल्या मोसमात मुकुलचा खांदा दोनदा ठणकला होता. समुद्रात नव्हे, घरी आल्यावर. रात्रभर कळवळायचा, सकाळी विचारलं तर म्हणायचा, नळकांडी उचलून भरला असेल. अश्वजितला मात्र काही झालं नव्हतं. दोघे एका दोराने खाली गेलेले, एकाच वेळी वर आलेले. फरक शोधला तर एकच सापडला. मुकुलच्या हाताला नारिंगी काठाचं छोटं यंत्र होतं, अश्वजितच्या हाताला काळं, मोठ्या पडद्याचं.

"नारिंगीचं गणित जुनं आहे काकू," अश्वजित म्हणाला. हा पोलादपूरजवळच्या कापडे गावचा, चंपाबाईंचा मुलगा. आमच्याकडे आला की आधी स्वयंपाकघरात डोकावणार. "ते वर यायला लवकर परवानगी देतं. काळ्यात आपण किती सावध राहायचं ते आपल्यालाच ठरवता येतं."

"मग ठरवा की. जितकं भित्रं करता येईल तितकं करा."

"आई, फार भित्रं केलं तर तासन्‌तास पाण्यातच लटकत बसावं लागेल," मुकुल म्हणाला.

"बस. तुला काय खाली पोळ्या लाटायच्यात?"

तो हसला, पण मी हसण्यावारी नेणार नव्हते. मी दोन्ही यंत्रं हातात घेऊन बसले. बॅटरी कुठली, ती आपल्याला बदलता येते का, पाण्यात पडदा बंद पडला तर पुढे काय, दुरुस्तीला परदेशी पाठवावं लागतं का. वायू बदलताना चुकीचा वायू निवडला तर यंत्र ओरडतं का? काळं ओरडत होतं. नारिंगी नुसतंच लुकलुकत होतं. माझ्या मते निकाल तिथेच लागला. मुकुलसाठी हुबेहूब अश्वजितसारखं काळं यंत्र मागवलं आणि दोघांनी सावधपणाचे आकडेही एकसारखे लावले. नारिंगी मी माळ्यावर टाकलं. मनातल्या मनात त्याला दोन शिव्याही दिल्या.

नवं यंत्र घेऊन दोघे डिसेंबरात मालवणला गेले. आमच्या घरची एक रीत आहे. कोणी जोखमीतून सुखरूप परत आलं की घराचा उंबरा ओलांडायच्या आधी प्रतापगडावर जायचं आणि भवानीची ओटी भरायची. मुकुलच्या प्रत्येक बुडीनंतर आम्ही जात आलो. पोरगा सकाळी समुद्राच्या तळाशी होता आणि संध्याकाळी देवीच्या पायाशी आहे, ह्याने मला जो धीर यायचा, तो कुठल्या यंत्राने आला नसता.

त्या दिवशीही मी आणि हे, म्हणजे मुकुलचे बाबा चिंतामणी, गाडी घेऊन पोलादपूरच्या नाक्यावर थांबलो. खण, नारळ, तांदूळ माझ्या मांडीवर. डायव्हिंगवाल्यांची व्हॅन मुंबईला जाताना दोघांना तिथे सोडायची. कशेडीचा बोगदा झाल्यापासून ती लवकर यायला लागली होती, आणि त्या दिवशी तर उन्हं असतानाच आली. दोघे उन्हाने रापलेले, दात तेवढे पांढरे.

गाडीत बसल्या बसल्या दोघांनी मनगटं जुळवून मला दाखवली. तीच खोली, तेवढाच वेळ, सगळे टप्पे पूर्ण. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं विमान होतं आणि त्यावर काट.

"हे काय?"

"विमानात बसू नका म्हणतंय. उद्यापर्यंत."

"आपल्या अल्टोला पंख फुटले तर बघू," हे म्हणाले आणि सगळे हसलो. मीही हसले.

घाटाच्या पायथ्याचं कापडं आलं तसा अश्वजित सामान घेऊन उतरला. उरलेल्या प्राणवायूचं नळकांडं खांद्यावर टाकून म्हणाला, "काकू, या ना चहाला." मी म्हटलं, देवीचं झाल्यावर. आम्ही आंबेनळी घाट चढायला लागलो.

मुकुल मागे बसून वेफर्स शोधत होता. व्हॅनमधलं एक पाकीट त्याने पुढे माझ्याकडे दिलं, फोड म्हणून. मी ते ओटीच्या ताटावर ठेवलं. वळणं सुरू झाली. माझ्या कानांना दडे बसले, मी गिळलं, सुटले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आई, पाठीत पट्टा आवळल्यासारखं होतंय." प्रतापगडाचा फाटा जवळ आला तेव्हा म्हणाला, "बाबा, जरा थांबवा. माझे पाय कुठे गेलेत ते मला कळत नाहीये."

ह्यांनी गाडी कडेला घेतली. मी मागे वळले. तो दोन्ही हातांनी मांडी चिमटत होता, एखाद्या दुसऱ्याच माणसाची असावी तशी. चेहऱ्यावर रंग नव्हता. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. पुराचं पाणी दुकानाच्या पोटमाळ्याला लागलं तेव्हाही नाही.

"महाबळेश्वर गाठू," हे म्हणाले. "वर दवाखाना आहे. आता अर्धा तास."

तेवढ्यात माझ्या मांडीवरचं ताट कललं आणि पाकीट घसरलं. ते मी उचललं. टम्म फुगलं होतं. खाली पायथ्याशी त्याने दिलं तेव्हा ते चेपलेलं होतं. घाट चढताना पाकिटं फुगतात हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पोरं तर ती फोडून आवाज काढतात. मी ते हातात धरलं आणि मुकुलकडे बघितलं. जे पाकिटात चाललं होतं तेच त्याच्या अंगात चाललं होतं.

"अहो, गाडी वळवा."

"अगं, वर डॉक्टर आहे. खाली काय आहे?"

"खाली दाब आहे. वर नेलात तर तो आणखी फुगेल. वळवा म्हणते ना."

"देवीच्या दारातून ओटी न भरता—"

"देवीचं मी बघून घेईन."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्याशी मी अशा आवाजात कधी बोलले नव्हते. त्यांनी गाडी वळवली. उतरताना मी मागे जाऊन मुकुलचं डोकं मांडीवर घेतलं. खिडकीबाहेर ते सगळे दगड, ती वळणं, ते धबधब्याचे कोरडे ओघळ मागे जात होते. ह्या घाटाला आम्ही कधी उंची म्हटलंच नाही. वर जाऊन येतो, असं म्हणतो, जसं पाणी भरून येतो. कोर्समध्ये मुकुलला शिकवलं होतं, बुडीनंतर उंचावर जायचं नाही. नंतर तो मला म्हणाला, "आई, उंची म्हटलं की डोळ्यासमोर लडाख यायचं. प्रतापगड म्हणजे काय, आपलं मागचं अंगण."

कापड्याला चंपाबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. "गो वैनी, काय झाला पोराला? मघा तर हसत गेला."

अश्वजित जेवत होता, उष्ट्या हातानेच उठला. मुकुलला आडवं करून त्याने नळकांडं लावलं, मुखवटा घट्ट बसवला. हात सराईत चालत होते. मग त्याने मुकुलचं मनगट आपल्या मनगटाशेजारी धरलं.

"काकू, मला समजत नाहीये. आकडे सारखेच आहेत. यंत्रात काही चुकलेलं नाही."

"यंत्रात चुकलेलं नाहीच," मी म्हटलं. "तू कापड्याला उतरलास."

तो खाली बसला. "मागच्या दोन्ही वेळी पण मी इथेच उतरलो होतो."

"हो. आणि आम्ही ह्याला वर घेऊन गेलो होतो."

"माझ्या डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला. चंपाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आता रडत नको बसू रे. मुंबयची वाट धर."

एवढा खटाटोप करून आम्ही चोर सोडून संन्याशाला सुळावर दिलं होतं. माळ्यावर धूळ खात पडलेलं ते नारिंगी यंत्र तरी काय वाईट होतं? विमान त्याच्याही पडद्यावर येत असणार.

मुंबईला मुकुलला दाबाच्या टाकीत ठेवलं. लोखंडी खोलीच ती, गोल काचेची. त्या काचेतून मला त्याचे तळवे दिसायचे. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, वळवलीत ते बरं केलंत, वर गेला असता तर पुन्हा कधी चालला नसता. लोक मला हे कौतुक म्हणून सांगतात. मला ते कौतुक घेता येत नाही. पहिल्या खेपेला खांदा ठणकला तेव्हापासून मी यंत्र पारखत होते आणि प्रत्येक वेळी ओटीचं ताट घेऊन त्याला घाटावर नेणारीही मीच होते. देवीवर माझा राग नाही. तिने काही विमान काढून दाखवलं नव्हतं, ते यंत्राने दाखवलं होतं आणि आम्ही त्यावर हसलो होतो.

मुकुल आता चालतो. डावा पाय थोडा ओढतो, जिन्यावर कठड्याला धरतो. चंपाबाई म्हणाल्या, "वैनी, सवच्या कुंडात बसवा त्याला, गरम पाण्यानी शिरा मोकळ्या होतात." डॉक्टरांनी ना हो म्हटलं ना नको म्हटलं. काल आम्ही सवला गेलो. अश्वजितही आला. काठावर बसून दोघांचं पुन्हा सुरू झालं, नव्या मोसमात कुठलं यंत्र, कुठलं गणित. मी म्हटलं, कुठलंही घ्या, पण परत आल्यावर दोघांनी कापड्याला मुक्काम करायचा. अश्वजितने मान खाली घालून हो म्हटलं.

मुकुलने पँट वर दुमडली आणि उजवा पाय कुंडात सोडला. तोच चांगला पाय, त्यावर तो भार टाकतो.

"छान आहे गं. कोमट आहे."

त्याच्याशेजारी मी हात बुडवला आणि चटका बसून मागे घेतला. बाजूला बसलेल्या बायका अजून तांब्याने गार पाणी मिसळत होत्या. तो पाय तसाच ठेवून बसला होता आणि माझ्याकडे बघून हसत होता.

मी वाकून दोन्ही हातांनी त्याचा पाय वर काढला. घोट्यापर्यंत लालबुंद झाला होता. ज्याला आम्ही चांगला पाय म्हणत होतो, त्याला चटका कळतच नव्हता.

"काय झालं आई?" तो म्हणाला. "असू दे ना अजून थोडा वेळ."