उपाशी वाफा

"पुन्हा मोजा," साहेब म्हणाले. "चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"चष्मा मागच्याच महिन्यात बदललाय, साहेब. शंभरात एकतीस म्हणजे एकतीसच."

मोजणीबाई हार जाणाऱ्यातल्या नव्हत्याच. शेती संशोधन केंद्रात बावीस वर्षं त्या गव्हाची मुळं निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरत होत्या आणि आतली बुरशी मोजत होत्या. बुरशी म्हटलं की लोक नाक मुरडतात. ही मात्र गुणाची. मातीतलं अन्न ओढून आणते आणि मुळाला भरवते. सात नंबरच्या वाफ्याला इतक्या वर्षांत चिमूटभर खत दिलेलं नव्हतं. खत दिलेल्या वाफ्यांशी ताडून बघायला म्हणून तो मुद्दाम उपाशी ठेवलेला. त्यामुळे बुरशी तिथेच सगळ्यात जास्त, शंभर मुळांमागे सत्तरच्या घरात. यंदा मात्र तिथे एकतीसच.

"यंदा कुणीतरी खत घातलंय," बाई म्हणाल्या. "पोट भरलेलं घर उसनं मागायला जात नाही, साहेब."

"कुंपणाची किल्ली फक्त मामांकडे. म्हणजे मामांनी घातलं म्हणता? का मोजणी चुकली?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आजवर त्यांच्या आकड्याला कुणी बोट लावलं नव्हतं. त्या तडक शेतावर गेल्या.

मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने मजूर, महिनाअखेरीला निवृत्त होणारे. सात नंबरची पाटी रंगवत बसले होते: 'काहीही देऊ नये.' मागे गहू कंबरेला लागलेला. एरवी तो कधी गुडघ्याच्या वर गेला नव्हता.

"मामा, खत घातलंत?"

मामांनी ब्रश खाली ठेवला. "घातलं. पेरणीला, घमेलंभर."

"अहो, पण का? तुम्ही तर कुणाला फिरकू देत नव्हता इथे!"

"बावीस वर्षं शेजारपाजारच्यांना वाढलं, बाई, आणि ह्याच्यापुढून रिकाम्या हातानं गेलो. जाताना एकदा तरी पोटभर घालावं म्हटलं. कुणाला कळणार होतं?"

"मला!" बाई ओरडल्या, आणि त्यांना रडूच आलं. "मला कळतं, मामा. कामच आहे माझं ते."

"हो की," मामा ओशाळून म्हणाले. मग हात पुसत उठले. "चला, साहेबांना सांगतो. तुमचा आकडा खोटा पडता कामा नये."

बाईंचा आकडा खरा ठरला. पण सात नंबरची बावीस वर्षं मातीत गेली. यंदाचं उत्पन्न नोंदवू नये, असा हुकूम निघाला.

कापणीला मामा निवृत्त झालेले, तरी हजर. बाईंनी सात नंबरचं पोतं काट्यावर ठेवलं.

"हे नोंदवायचं नाही ना?"

"नाही."

"मग वजन कशाला करताय?"

बाईंनी चष्मा पुसला. काटा स्थिर होऊ दिला.

"बेचाळीस किलो, मामा. दरसाल अठरा भरायचं."

"बेचाळीस!" मामांनी पोत्यावर थाप मारली. "जेवला म्हणायचा पठ्ठ्या."

मग सुतळी घेऊन ते पोत्याचं तोंड शिवत बसले.